पप्पांनी सांगितलंय

पप्पा भाषणाची तयारी बेसमेंटमध्ये करायचे, घर तापवणाऱ्या फर्नेसच्या शेजारी उभे राहून. मधेच फर्नेस सुरू व्हायची, धडधडायची, आणि पप्पांचा आवाज आपोआप चढायचा. फर्नेस थांबल्यावरही एक-दोन वाक्यं तो चढाच राहायचा, मग त्यांच्या लक्षात यायचं. वर स्वयंपाकघरात आई फुग्यांचं पीठ मळत असायची. आमच्या वसईकडच्या ख्रिस्ती घरांत फुगे सणाला किंवा लग्नाला तळतात. मऊ, गोल, आतून पोकळ. त्या हिवाळ्यात आई ते दर शनिवारी तळत होती, कारण पप्पांच्या कामासाठी निघालेली माणसं आधी आमच्याकडे जमत, खात, आणि मग बूट चढवून दारोदार जात. आईला यातलं काहीच पसंत नव्हतं. "खायला येतात तेवढे मतं द्यायला येतील का?" एवढंच ती म्हणायची, आणि पुढचा घाणा कढईत सोडायची.

आमचं शहर टोरांटोच्या पूर्वेला, व्हिटबीकडे जाणाऱ्या हायवेच्या कडेने पसरलेलं. आमचा खासदार एका मोठ्या कंपनीत जागा मिळाली म्हणून मधेच राजीनामा देऊन गेला आणि आमच्या रायडिंगमध्ये, म्हणजे मतदारसंघात, संसदेची पोटनिवडणूक लागली. त्याच्या पक्षासाठी पप्पांनी बारा वर्षं लॉनवर प्रचाराच्या पाट्या ठोकल्या होत्या. पक्षाचं नाव मी लिहीत नाही. पुढे मी या धंद्यात इतकी वर्षं काढली की दुसऱ्या पक्षात वेगळं काही घडलं असतं असं मला वाटत नाही. वसईला पप्पा, बावतीस लोपीस, शाळामास्तर होते. गावात पाण्याचं भांडण असो की जमिनीचं, लोक म्हणत, बावतीस मास्तरांना बोलवा. इथे ते गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर उभे राहत. पक्षातले गोरे लोक त्यांना 'बॉब' म्हणायचे. बावतीसचं बॉब कसं झालं कोण जाणे, पण पप्पा त्या नावाला ओ द्यायचे.

आता जागा रिकामी झाली आणि पक्षाचा उमेदवार इथले सभासद मत देऊन ठरवणार, असं स्थानिक कमिटीने सांगितलं. ज्याने जास्त सभासद केले, तो उभा राहणार. पप्पा रोज कामावरून येऊन तोंड धुवायचे, चहा प्यायचे आणि मला हाक मारायचे, "मोनी, जॅकेट घाल." मी सतरा वर्षांची होते. माझं इंग्रजी इथलं होतं आणि त्यांचं पुस्तकातलं, म्हणून दारात सुरुवात मी करायची आणि पुढचं ते बोलायचे. मला त्यांच्या इंग्रजीची लाज वाटायची. ते 'व्होट'ला 'ओट' म्हणायचे, आणि प्रत्येक वाक्याआधी एक क्षण थांबायचे, जणू फळ्यावर आधी लिहून बघतायत. मी दारात उभी राहून बुटांकडे बघत राहायचे. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बुटांवर पांढरी वळणं उमटलेली असायची, ती मला अजून दिसतात. लोकांचे चेहरे दिसत नाहीत, कारण मी ते नीट बघितलेच नाहीत.

पप्पा बघत होते. त्यांच्याकडे एक लांब वही होती, कापडी पाठीची. घरी आल्यावर ते प्रत्येक घराविषयी त्यात लिहायचे. पत्ता आणि नाव इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. 'आई हॉस्पिटलात, आधी ते विचारणे.' 'नवऱ्याची नोकरी गेली, नवऱ्यासमोर बोलू नये.' 'कुत्रा भुंकतो, चावत नाही.' 'हे फिलिपिनो आजोबा एकटे, बसावे लागेल.' मत मिळवायला हे कसं वापरायचं याचा त्यात कुठे उल्लेख नव्हता. ती मास्तरांची सवय होती. कुठल्या मुलाच्या घरी काय चाललंय हे माहीत असल्याशिवाय त्याला शिकवता येत नाही, असं ते म्हणायचे. रायडिंगमधल्या आमच्या बाजूच्या गल्ल्या, टाउनहाउस, दोन उंच इमारती, सगळं त्या वहीत आलं. पंजाबी, तमिळ, जमैकन, पुण्याहून आलेले सॉफ्टवेअरवाले. लोकांनी सभासदत्वाचे फॉर्म भरले, कारण पहिल्यांदाच कोणीतरी मत मागण्याआधी त्यांच्या आईची चौकशी केली होती.

जानेवारीत ब्रेंडन आमच्याकडे आला. तो पक्षाच्या मुख्य कार्यालयातून निवडणूक सांभाळायला पाठवलेला होता. तिशीचा, तांबूस दाढीचा, हसरा. त्याने दारात बूट काढले, याचं आईला बरं वाटलं. स्वयंपाकघरातच बसला, तीन फुगे खाल्ले, आणि मग सांगितलं की उमेदवाराची निवडणूक होणार नाही. नेत्याला थेट उमेदवार नेमायचा अधिकार आहे आणि तो त्यांनी वापरलाय. टोरांटोमधल्या एक वकीलबाई उभ्या राहतील, टीव्हीवरच्या चर्चांमध्ये दिसणाऱ्या.

पप्पांनी शांतपणे विचारलं, "माझ्यात काय कमी आहे?"

"काहीच नाही, बॉब. तुम्ही अमेझिंग आहात. हा फक्त विनेबिलिटीचा प्रश्न आहे."

जिंकून येण्याची शक्यता, असा त्याचा अर्थ, पण पप्पांना तो शब्द माहीत नव्हता. ते उठले, हॉलमधल्या कपाटातून त्यांची जुनी डिक्शनरी घेऊन आले आणि ब्रेंडनच्या समोर पानं उलटायला लागले. शब्द तिच्यात नव्हता. "नाहीये," असं म्हणून त्यांनी डिक्शनरी मिटली. ब्रेंडन हसला, त्याला वाटलं पप्पांनी विनोद केला. मीही हसले. मला हे लिहायचं नव्हतं, पण हसले होते.

मग त्याने मुद्द्याला हात घातला. पप्पांनी बाईंना जाहीर पाठिंबा द्यावा आणि त्यांची 'लिस्ट' कॅम्पेनला द्यावी. पप्पा म्हणाले, "फॉर्म तुमच्याकडे आहेत. नावं, पत्ते, सगळं आहे."

"पण तुम्ही या लोकांना ओळखता. नोट्स ठेवल्यात असं ऐकलं."

"ते माझ्यासाठी आहे. मी त्यांना माझ्यासाठी मत मागितलं. आता मी उभा नाही, तर मी त्यांना काही सांगणार नाही. तुमच्या बाईंनी जाऊन मागावं. दार उघडतात लोक, चांगले आहेत."

जाताना दारात जॅकेटची चेन लावता लावता ब्रेंडन मला म्हणाला, "तू फार स्मार्ट आहेस. शाळा सुटल्यावर ऑफिसला ये ना. आम्हाला तुझ्यासारख्यांची गरज आहे. समरमध्ये बाईंच्या ऑफिसात कोणीतरी लागेलच." आईने माझ्याकडे बघितलं. तिला इंग्रजी फारसं येत नव्हतं, पण माझा चेहरा तिला वाचता येत होता.

कॅम्पेनचं ऑफिस म्हणजे प्लाझातलं एक बंद पडलेलं कार्पेटचं दुकान. आत अजून नव्या कार्पेटचा वास होता, घडीची टेबलं, डोनटचे खोके, भिंतभर रायडिंगचा नकाशा. त्या वासाने मला भुरळ घातली, दुसरा शब्द नाही. तिथे विशी-पंचविशीची मुलं-मुली होती, राजधानी ऑटवाहून आलेली, आणि ती मला माझं नाव विचारून लक्षात ठेवत होती. शाळा सुटली की मी तिथे जायला लागले. घरी सांगितलं, लायब्ररीत जाते. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी पप्पांची वही दप्तरातून घेऊन गेले. ती ड्रायरच्या वरच्या फळीवर असायची, कुलूपबिलूप काही नव्हतं. आमच्या घरात कुठल्याच वस्तूला कुलूप नव्हतं. ब्रेंडनने वही उघडली, पानं उलटली आणि माझ्याकडे दिली. देवनागरी त्याच्या काही कामाची नव्हती. माझ्याशिवाय ती वही मुकी होती आणि मला ते आवडलं. चार दुपारी बसून मी तिचं इंग्रजी केलं आणि टाइप केलं.

इतक्या वर्षांनी मी स्वतःला विचारते तेव्हा सोपं उत्तर तयार असतं, की मी लहान होते, मला वाटलं पक्ष जिंकला तर पप्पांचंही भलं होईल. मी असं काहीही समजत नव्हते. मला त्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसायचं होतं. दारात उभं राहून बुटांकडे बघण्याचा मला कंटाळा आला होता.

पुढचं पाऊल फोनचं. मी फोन लावायचे आणि छापील कागद वाचायचे, "हॅलो, मी अमुक कॅम्पेनमधून बोलतेय." लोक ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, लोपीस का उभे नाहीत? ते काय म्हणतात? मी गुळमुळीत काहीतरी बोलायचे, फोन ठेवायचे, आणि त्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायचे. पानभर प्रश्नचिन्हं झाली. बाजूच्या मुलीच्या पानावर टिकच टिक होत्या. मग मी हरभजन अंकलना फोन लावला. ते आमच्या गल्लीतच राहत, ट्रक चालवत, आणि पप्पांच्या फॉर्मवर पहिली सही त्यांनीच केली होती.

ते म्हणाले, "बेटी, ये तो बता, लोपीस साहब क्या कहते हैं?"

मी म्हणाले, "अंकल, पापा ने ही कहा है. इन्हीं को वोट देना है."

"साहब ने कहा है? तो फिर ठीक है. पूरे घर का वोट पक्का."

किती सोपं होतं. त्यानंतर मी कागद बाजूलाच ठेवला. पुण्याहून आलेल्या एका बाईंना मराठीत सांगितलं, "पप्पांनी सांगितलंय." बाकीच्यांना इंग्रजीत तेच. वहीत 'आई हॉस्पिटलात' असेल तर आधी आईची चौकशी केली, अगदी पप्पा करायचे तशी, मधे जरा थांबून. ब्रेंडन मागून येऊन माझं पान बघायचा. "तू काय बोलतेस त्यांच्याशी?" त्याने एकदा विचारलं. मी म्हणाले, "हेल्थकेअरबद्दल बोलते." तो म्हणाला, "यू आर अ नॅचरल." त्या वाक्यावर मी कितीतरी दिवस जगले.

घरात पप्पांचं बेसमेंटमधलं भाषण बंद झालं होतं. फर्नेस आता एकटीच धडधडायची. आई शनिवारी फुगे करत नव्हती. सुके बोंबील भाजायची, एरवी पाहुण्यांना वास येईल म्हणून जे टाळायची ते. पप्पा जेवताना कारखान्यातल्या गोष्टी सांगायचे, पण वाक्यं अर्धवट सोडायचे. बाहेर जमीन गोठलेली, त्यामुळे पाट्यांचे खुंट जमिनीत शिरत नव्हते. कॅम्पेनच्या मुलांनी ते रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात रोवले होते. जरा ऊन पडलं की बाईंचं नाव तिरकं होऊन चिखलात पडायचं. पप्पा येता-जाता त्या पाट्या उचलून परत सरळ उभ्या करायचे. मी हे खिडकीतून बघितलंय. का करत होते, मला कळलं नाही. बारा वर्षांची सवय असेल.

मतदान सोमवारी होतं. आदल्या शनिवारी सकाळी बर्फ पडून गेला होता आणि पप्पा ड्राइव्हवे फावड्याने साफ करत होते. मी दारात बूट घालत होते. हरभजन अंकल समोरून आले, पप्पांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहब, हमने तो एडवांस में ही डाल दिया. आप के कहने पर. पूरे घर ने."

"मेरे कहने पर?"

"बेटी का फोन आया था ना."

पप्पांनी मागे वळून बघितलं नाही. अंकल गेल्यावर त्यांनी उरलेला ड्राइव्हवे साफ केला, कडेपर्यंत, नेहमीसारखा. फावडं गॅरेजमध्ये टांगलं. आत आले, बुटांवरचा बर्फ झटकला आणि विचारलं, "वही कुठे आहे?"

"दप्तरात."

"आण."

मी आणली. त्यांनी ती उघडली. प्रत्येक नावापुढे माझ्या पेन्सिलीची टिक होती. त्यांनी सगळी पानं बघितली, घाई न करता, वर्गातल्या वह्या तपासतात तशी. आई ओट्याशी उभी होती. "मार तिला," ती म्हणाली. माझ्या आईने तसं कधी म्हटलं नव्हतं. पप्पांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "जॅकेट घाल."

आम्ही पहिल्या पानापासून सुरुवात केली. ते बेल वाजवायचे आणि एक पायरी खाली उतरून उभे राहायचे. दार उघडलं की मला म्हणायचे, "सांग." एवढंच. पहिल्या दारात मला बोलता येईना. एक तमिळ बाई होत्या, हाताला पीठ लागलेलं, आम्हाला बघून खूश झाल्या होत्या. पप्पा थांबून राहिले. मला वाटलं ते माझ्याऐवजी बोलतील, पण ते थंडीत तसेच उभे राहिले, हात खिशात, मान सरळ. शेवटी मी म्हणाले, "मी फोनवर खोटं बोलले. वडिलांनी कोणाला मत द्या असं सांगितलेलं नाही. तुम्हाला वाटेल त्याला द्या."

बाईंनी पप्पांकडे बघितलं. "इट्स ओके, मिस्टर लोपीस. आत या, चहा घ्या."

"थँक यू. बरीच घरं राहिलीत," पप्पा म्हणाले.

दारामागून दार मी तेच वाक्य म्हणत गेले. काही लोक हसले. काहींना वाटलं हा कॅम्पेनचाच काहीतरी नवा प्रकार आहे. एक माणूस वैतागला, "मग द्यायचं कोणाला ते तरी सांगा." पप्पा म्हणाले, "ते तुमचं." त्याने दार लावून घेतलं. एकटे राहणारे फिलिपिनो आजोबा काही न समजता आम्हाला बसा म्हणाले, तिथे पप्पा बसले, कारण वहीत तसं लिहिलं होतं. पुण्याच्या बाईंचं दार आलं. त्यांनी सगळं ऐकलं, त्यांना माझी दया आली. "अहो, राहू द्या ना. लहान आहे ती."

"लहान नाही," पप्पा म्हणाले.

'सांग' सोडलं तर दिवसभरात त्यांनी माझ्याविषयी बोललेले एवढेच शब्द, आणि तेही दुसऱ्या कोणाला सांगितलेले. अर्ध्याहून अधिक घरांनी आगाऊ मतदानात आधीच मत देऊन टाकलं होतं. ते लोक ओशाळायचे, जणू चूक त्यांची होती. पप्पा त्यांचीच समजूत काढायचे. रविवारी मिस्साहून आल्यावर आम्ही पुन्हा निघालो. सोमवारी मी शाळेत गेले आणि त्यांनी कामावर सुट्टी टाकून उरलेली पानं एकट्याने पुरी केली. माझ्याशिवाय, त्यांच्या पुस्तकी इंग्रजीत, माझी मुलगी खोटं बोलली हे अनोळखी दारांत स्वतः सांगत. त्या दिवसाची मी कल्पना करू शकते, पण फार वेळ करत नाही.

बाई जिंकल्या, आणि काठावर नाही, दणदणीत. आमच्या वहीतलं प्रत्येक मत काढून घेतलं असतं तरी त्या जिंकल्याच असत्या. माझ्या खोट्याची कोणाला गरज नव्हती आणि पप्पांच्या खऱ्याचीही नव्हती. हे मला त्या आठवड्यात कळलं असतं तर कदाचित मी दुसरी कोणीतरी झाले असते. पण जूनमध्ये ब्रेंडनचा फोन आला आणि मी बाईंच्या ऑफिसात समर जॉबला गेले. आई दोन दिवस जेवली नाही. पप्पा म्हणाले, "जा. काम नीट कर." रोज सकाळी तेच मला गाडीने सोडायचे. प्लाझाच्या दाराशी गाडी थांबवायचे, मी उतरेपर्यंत समोर बघत राहायचे. आत ते कधीच आले नाहीत.

मी त्या कामात राहिले. समरच्या नोकरीनंतर युनिव्हर्सिटी, मग ऑटवा, मग पुन्हा हीच रायडिंग. उमेदवार बदलत गेले, माझी टाइप केलेली यादी राहिली. कागदावरून ती कॉम्प्युटरवर गेली, एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात. काही वर्षांपूर्वी एका व्हॉलंटियर मुलीने मला स्क्रीनवर एक जुनं नाव दाखवून विचारलं, "इथे 'आधी आईची चौकशी करा' असं आहे. ही आई अजून आहे का?" मी ते डिलीट करायला सांगितलं. आता माझं वय पप्पांच्या तेव्हाच्या वयाहून जास्त आहे, आणि दारात उभं राहून माणसांचे चेहरे बघायला मला कोणी शिकवलं नाही असं मी म्हणू शकत नाही.

आई गेल्यावर पप्पा केअर होममध्ये राहायला गेले. या वर्षी पुन्हा आमच्याकडे पोटनिवडणूक लागली. या वेळचा खासदारही कुठेतरी बरी जागा मिळून गेला. मी एका दुपारी पप्पांकडे बसले होते. त्यांचं जेवण झालं होतं, ब्लँकेट गुडघ्यावर होतं, खिडकीतून पार्किंग लॉट दिसत होता. मी त्यांना विचारलं. इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं ते.

"पप्पा, त्या दिवशी तुम्ही मला ओरडला का नाहीत? मारलं असतंत तरी चाललं असतं."

त्यांना कुठला दिवस ते सांगावं लागलं नाही. 

"त्या सकाळी जाता जाता हरभजन म्हणाला होता," ते म्हणाले, "मुलगी फोनवर अगदी तुमच्यासारखी बोलते, गल्लीत सगळे म्हणतात. तसंच थांबून, तशीच घरच्यांची चौकशी करून. म्हणाला, जसे काही साहबच बोलतायत."

"हो?"

"मास्तर होतो मी, मोनी. पुढे कोणीतरी आपल्यासारखं बोलेल, एवढीच वाट बघत असतो मास्तर. तू तसं बोललीस, पण खोटं." त्यांनी ब्लँकेट वर ओढलं. "मग मी तुला ओरडू कशाबद्दल?"

ते मला बरं वाटावं म्हणून बोलले नव्हते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते मला दिसलं.